सन तीसचा धडा

मखमलाबाद रोडच्या यशोदाबाई विधाते यांनी सोळा वर्षांची नोकरी एका जिन्यापायी सोडली. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, पण यात तिखटमीठ काहीही नाही. १९९७च्या जूनमध्ये त्यांच्या शाळेनं सातवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर नेला. त्या वर्गात दोन मुली अशा होत्या, की त्यांना तिसरा मजला म्हणजे वणीचा गडच. एक बाईंची स्वतःची मुलगी सृष्टी. सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप बिघडली होती आणि डॉक्टरांनी जिना चढायची सक्त मनाई केली होती. दुसरी मनाली पगारे, पोलिओमुळे पायाला कॅलिपर लावलेली. मनालीचा बाप भिकन सातपूरला एका कारखान्यात टर्नर होता आणि विधात्यांच्या मळ्याच्या बांधापलीकडे कॉलनीत राहायचा. रात्रपाळी करून आला की तो डोळाही न मिटता लेकीला पाठुंगळी घ्यायचा आणि तिसऱ्या मजल्यावर पोचवून यायचा. त्याची पहिली पाळी लागली की मनाली आठवडाभर घरी.

बाई हेडमास्तरांकडे गेल्या. म्हणाल्या, "वर्ग खाली आणा."

"दोन मुलींसाठी पन्नास मुलं हलवायची का, बाई?"

"हलवायची."

हेडमास्तर हसले. ते हसले नसते, तर बाई कदाचित आणखी वर्षभर दम खाऊन राहिल्या असत्या. पण माणसाचं हसणं कुठं लागेल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा टेबलावर होता आणि भिकनला विचारून दोन्ही मुलींची नावं शाळेतून काढलेली होती.

मग काय, भाऊबंदांना महिनाभर पुरेल एवढं खाद्य मिळालं. चालत्या नोकरीवर कोणी लाथ मारतं का? पोरींना दहावीला कोण बसू देणार? बाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरू." बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी तो फॉर्म असतो, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. पुढे २००१ साली दोघी मुली त्याच फॉर्मवर दहावी पास झाल्या, तेव्हा हेच भाऊबंद पेढे मागायला पहिले आले. पण ती फार पुढची गोष्ट.

बाईंची घरची शाळा भरायची फुलांच्या खोलीत. विधात्यांचा मळा फुलांचा. मोगरा, झेंडू, हंगामात शेवंती. पहाटे तोडलेली फुलं त्या खोलीत यायची, तिथं हार व्हायचे आणि दहाच्या आत पाट्या भरून पंचवटीकडे जायच्या. मग बाई ओली जमीन पुसून घ्यायच्या, सतरंजी टाकायच्या आणि सृष्टीला बजावायच्या, की आता मला आई म्हणायचं नाही. हार करायचं काम बाईंचे सासरे पुंजाराम यांचं. सगळे त्यांना नाना म्हणत. वय एकोणऐंशी. अक्षरशत्रू, पण केळीच्या सोपटानं ते अशी गाठ मारत, की हार वाळेल पण सुटणार नाही. नानांची एक सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती. काळारामाच्या देवळाचे हार ते स्वतः करत, पाटी पंचवटीच्या कोपऱ्यापर्यंत स्वतः नेत आणि तिथं दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन परत फिरत. देवळाशी कधी जात नसत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला कामापुढं देव सुचत नाही.

गणित, विज्ञान, भाषा यांचं बाईंनी चार दिवसांत ठरवून टाकलं. गाडी अडली ती इतिहासात. त्याला कारण होतं. नोकरीच्या दहाव्या वर्षी बाईंनी सातवीला एका प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून दिलं आणि घाईघाईत सन चुकवला. परीक्षेत चोपन्न मुलांनी तोच चुकीचा सन लिहिला. एकानंही विचारलं नाही, की बाई, हे असं कसं? चोपन्न पेपर तपासताना बाईंना स्वतःची लाज वाटली. मुलं खोटं शिकली याची नव्हे, तर खरं-खोटं विचारावंसंच त्यांना वाटलं नाही याची. ती लाज त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

आता पुस्तक निवडायचं त्यांच्याच हातात होतं. स्वातंत्र्याची पन्नाशी होती, त्यामुळे दुकानं पुस्तकांनी भरलेली. बाईंनी शालिमारजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक आणलं, देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदाराच्या बायकोकडून तिच्या मुलाचं इंग्रजी पुस्तक मागून आणलं आणि शाळेतलं होतंच. तिन्ही पलंगावर मांडून त्या आठवडाभर त्यांच्याकडे बघत बसल्या. एकात तारखाच तारखा, दुसऱ्यात सगळं दिल्लीत घडलेलं, तिसऱ्यात माणसं सगळी पुतळ्यासारखी. एका संध्याकाळी भिकन आला. दारातच उभं राहून त्यानं पलंगावरच्या पुस्तकांकडे बघितलं.

"बाई, तुम्ही ठरवाल ते बरोबर. पण एक विचारू? काळारामाच्या सत्याग्रहाचं यात किती हे?"

बाईंनी तिन्ही पुस्तकं चाळली. अस्पृश्यांना देवळात जाऊ द्या म्हणून झालेल्या त्या सत्याग्रहाच्या तिन्ही मिळून साडेतीन ओळी भरल्या.

"माझा बाप होता त्यात," भिकन म्हणाला. "मंगळू पगारे. साडेतीन ओळीत माझा बाप मावायचा नाय, बाई. बाकी काय बी शिकवा, तेवढा एक धडा नीट झाला पाहिजे."

"होईल," बाई म्हणाल्या. आणि बोलून बसल्या.

त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी हार बघता बघता त्यांना वाट सापडली. पुस्तक कोणतंही चालेल, पण प्रत्येक धड्याला या नाशकातला एक साक्षीदार हवा. ज्यानं ते डोळ्यांनी बघितलं, असा माणूस. मुलींनी प्रश्न काढायचे, त्याला विचारायचे, उत्तरं उतरवायची. मग घरी नेऊन चांगल्या अक्षरात लिहायची आणि त्याला वाचून दाखवायची. त्याला पटलं तर खाली त्याची सही, नाहीतर अंगठा. पटलं नाही तर पुन्हा लिहायचं. आणि शिकायचं उलटं. आधी कालचं, मग परवाचं, कारण कालचे साक्षीदार पुष्कळ आणि परवाचे थोडे. बाईंनी स्वतःलाही एक नियम घातला, की साक्षीदाराचं आधी एकटीनं ऐकून घ्यायचं नाही. नाहीतर माणूस बाईला आवडेल तेच मुलींना सांगतो.

भिंतीवर तक्ता लागला. बहात्तरचा दुष्काळ, वणीचे सावळीराम, ज्यांनी रोजगार हमीवर खडी फोडली. फाळणी, देवळालीच्या बाजारातले एक सिंधी आजोबा. दुसरं महायुद्ध, कॅम्पातल्या सखुबाई, लहानपणी गोऱ्या सोल्जरांच्या बराकीत दूध घालणाऱ्या. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जुना धडा, सन एकोणीसशे तीस, काळारामाचा सत्याग्रह. त्यापुढे बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, पुंजाराम विधाते. देवळाला फुलं पुरवणारं घर, वयानं बसतं, आणखी काय हवं? नानांना विचारायचं मात्र राहून गेलं. घरच्याच माणसाला काय विचारायचं, असं बाईंना वाटलं. हीच त्यांची चूक.

वर्ष छान चाललं. सावळीरामांनी मुलींना खडी फोडलेले हात दाखवले. सिंधी आजोबा कराचीतल्या आपल्या गल्लीचं नाव सांगता सांगता थांबले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मनालीनं वहीत लिहिलं, "इथे ते गप्प झाले." वाचून दाखवल्यावर त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि सही केली. नाना फुलांच्या खोलीच्या कोपऱ्यात बसून हे सगळं बघत असायचे. तीस साल एकेक धडा जवळ येत होतं आणि त्यांचं जेवण एकेक घास कमी होत होतं. बाईंना वाटलं, वय झालं.

फेब्रुवारीत एका सकाळी नाना हार बाजूला ठेवून म्हणाले, "यशोदे, माझं नाव काढ त्या भिंतीवरनं."

"का हो नाना? लाजता की काय?" बाई हसत म्हणाल्या.

"मी दगड मारणाऱ्यांत होतो," नाना म्हणाले.

बाईंच्या हातातली फुलं तशीच राहिली. नानांनी हार पुन्हा हातात घेतला. बाईंना संताप आला, अगदी खराखुरा. सोळा वर्षं ज्यांना वाढलं, आजारपणात ज्यांचं सगळं केलं, त्या माणसाचा त्या क्षणी त्यांना तिटकारा आला. मग तेव्हाच्या बारा वर्षांच्या पोराचा कसला तिटकारा, असं वाटून त्या स्वतःवरच चिडल्या. आणि सगळ्याखाली भीती होती. मनाली उद्या या दारात पाय ठेवेल का? आणि नाही ठेवला, तर तिची शाळा कोणती? तिला दुसरी शाळा नव्हतीच.

त्यांचे यजमान भारत यांनी संध्याकाळी सरळ सांगून टाकलं, "नाव काढ आणि विषय बंद कर. या वयात त्यांना कशाला उघडं पाडतेस? आणि त्या पोरीचं तरी काय भलं होणार हे ऐकून?"

खोटं काही बोलले नव्हते ते. बाईंनी तक्त्यावरचं नाव कागद चिकटवून झाकलं. दुसऱ्या दिवशी मुलींना म्हणाल्या, "सन तीसचा धडा आपण पुस्तकातूनच करू."

सृष्टीनं मुकाट्यानं पुस्तक उघडलं. मनालीनं नाही उघडलं.

"बाई, मग खाली सही कुणाची घ्यायची?"

"या धड्याला सही नाही."

"पण ज्याच्याखाली सही नाही ते खरं धरायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

चोपन्न मुलांत एकानंही जे विचारलं नव्हतं, ते ही एकटी विचारत होती, आणि बाई तिला गप्प करायला निघाल्या होत्या. त्या पाणी प्यायच्या निमित्तानं उठल्या, तेवढ्यात कोपऱ्यातून नाना बोलले.

"विचार, पोरी. मी सांगतो."

बाई म्हणाल्या, "नाना, नको."

"तू बस," नाना म्हणाले. सोळा वर्षांत ते सुनेवर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले.

मनालीच्या वहीत प्रश्न तयारच होते. पहिला होता, तुम्ही तिथे का गेला होता? नानांनी जमिनीकडे बघत सांगायला सुरुवात केली.

"रथाच्या दिवशी गेलतो. एकादशी होती. मी बारा वर्साचा. मोगऱ्याचे हार आमच्याकडनं जायचे, पाटी माझ्या डोक्यावर. हार चढले, पाटी रिकामी झाली. तिकडनं तुमची मानसं रथाला हात लावायला आली, त्यांचं तसं ठरलेलं होतं म्हने. लय गोंधळ झाला. मग एका मोठ्या मानसानं माझ्या पाटीत दगड भरले. म्हनला, पोरा, तू ल्हान हायेस, तुला कोनी अडवायचं नाय, पुढं जाऊन वाट. मी वाटले."

"सगळे वाटले?" मनालीनं विचारलं. पेन चालूच होतं.

"एक राह्यला. तो मी मारला." नानांनी कपाळाच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "हितं लागला एका मानसाला. पांढरा सदरा होता. तो पडला नाय, शिवी दिली नाय. उभा राहून नुस्ता माझ्याकडं बघत राह्यला. मी पाटी टाकून पळालो. बापानं पाटी हरवली म्हनून मारलं. दगडासाठी कोनी मारलं नाय."

खोलीत मोगऱ्याचा वास होता. सृष्टी आजोबांकडे बघून रडायला लागली. मनाली रडली नाही. तिनं शेवटचा प्रश्न वाचला, तो सगळ्याच साक्षीदारांना असायचा. "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?"

"मी त्या दिवसापासनं देवळात गेलो नाय," नाना म्हणाले. "त्यांना जाऊ दिलं नाय, मग मी कोन्त्या तोंडानं जायाचं? पन हे मी कोनाला बोललो नाय. एवढंच."

वही चांगल्या अक्षरात लिहायची पाळी मनालीची होती. तिनं दप्तर भरलं आणि कॅलिपरचा टक टक आवाज करत बांधावरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई दोनदा बांधापर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या. जाऊन काय सांगायचं होतं? भारत काही बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्यात "सांगितलं होतं" स्पष्ट ऐकू येत होतं. नाना मात्र रोज दहाला धुतलेलं धोतर नेसून खोलीत बसायचे. शेजारी शाईचं पॅड. सृष्टी म्हणायची, "नाना, ती येणार नाही." नाना म्हणायचे, "वाचून दावल्याबिगर धडा पुरा होतो का? यील."

चौथ्या दिवशी कॅलिपरचा आवाज आला, आणि मागून भिकन. कारखान्याच्या निळ्या शर्टातच होता.

"पहिली पाळी होती म्हणून..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला. "नाय, ते खोटं हे. मीच पाठवली नाय. वही वाचली मी. दोन दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं. मग हीच म्हणाली, पप्पा, वाचून दाखवायचं राहिलंय."

नाना उठायला लागले. त्यांचे हात जोडलेले होते. "भिकन, तुझ्या बापाच्या कपाळाला खोक होती का रं?"

"हात खाली घ्या, नाना." भिकन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. "खोक नव्हती. त्याला मागनं बसला होता, पाठीत. तुमचा तो नव्हं. तो दुसऱ्या कुणाचा."

नानांनी डोळे मिटले. बाईंना वाटलं आता ते सुटले, पण नानांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. ते एवढंच म्हणाले, "मग तो कोन होता? पांढऱ्या सदऱ्याचा?"

"काय ठाऊक," भिकन म्हणाला. "तुम्हाला त्याचं नाव ठाऊक नाय, आमच्या बापाला मारणाऱ्याचं ठाऊक नव्हतं. आम्ही ल्हानपणी बापाला विचारायचो, दादा, कुणी मारला? तो म्हणायचा, गर्दीनं. मरेपर्यंत त्याचं हेच उत्तर, गर्दीनं. सदुसष्ट वर्षं झाली. मी मारला म्हणणारा माणूस आमच्या घरानं आज पहिल्यांदा बघितला. माफीचं मला विचारू नका, नाना. ती त्या पांढऱ्या सदऱ्याची. मी ऐकायला आलोय. वाच गं."

मनालीनं उभं राहून वाचलं. सावकाश, एकेक ओळ. हार, रथ, पाटी, दगड. "मग एका मुलाने पाटीत राहिलेला दगड उचलून मारला."

"थांब," नाना म्हणाले. "एका मुलानं म्हंजी कोनी?"

मनाली गोंधळली. तिनं बापाकडे बघितलं, मग बाईंकडे. "मी मुद्दाम नाव नाही घातलं, नाना. मला वाईट वाटलं."

"घाल. पुंजारामानं म्हनून लिही. नायतर मी अंगठा देनार नाय."

मनालीनं "एका मुलाने" वर रेघ मारली आणि वर "पुंजारामाने" लिहिलं. सगळा धडा वाचून झाल्यावर नानांनी मान हलवली. बाईंनी भिंतीशी जाऊन तक्त्यावर चिकटवलेला कागद ओढून काढला. मग शाईचं पॅड उघडलं गेलं. नानांनी अंगठा टेकवला आणि वहीवर दाबला. कागदावर नुसता निळा डाग उमटला. सत्तर वर्षं सोपटाच्या गाठी मारून अंगठ्याच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या. दुसऱ्यांदा दाबला, तरी डागच. तिसऱ्यांदा मनालीनं त्यांचा अंगठा स्वतःच्या बोटांत धरून सावकाश दाबला. तरीही डागच.

"आता गं?" नाना केविलवाण्या आवाजात म्हणाले. "हे कोनाचं म्हनून कोन ओळखनार?"

मनाली खाली बसली, वही मांडीवर घेतली आणि त्या निळ्या डागाखाली तिनं आपल्या गोल अक्षरात लिहिलं, "हा पुंजाराम विधाते यांचा अंगठा आहे. त्यांनी तो माझ्यासमोर दिला." आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली, मनाली भिकन पगारे.